जवळपास येणं झालं तर

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या ताटांवरच बंड झालं, आणि त्याला निमित्त झालं गटार.

तसं ते आदल्या दिवसापासून धुमसत होतंच. टोकियो टॉवरच्या वरच्या मजल्यावर जाऊन इगावा मंडळींनी पाऊण तास धुकं पाहिलं होतं. हेइसाकुंची थोरली बहीण उमेयो, वय वर्षं सत्त्याहत्तर, काचेला नाक लावून सगळा वेळ उभ्या होत्या. पुस्तिकेत पाऊण तास लिहिला होता, त्यामुळे लवकर खाली उतरायचा प्रश्नच नव्हता. शेवटी उमेयोवन्सं एवढंच म्हणाल्या, "हे असलं आमच्या परसातनंही दिसतं. आणि तिथे रांग लावावी लागत नाही."

पुस्तिका हेइसाकुंनी स्वतः केली होती. तोत्तोरीच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या गावात, नगर कार्यालयाच्या कुटुंब-नोंदणी विभागात त्यांनी अडतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन अकरा वर्षं होत आली तरी कोरा कागद दिसला की त्यांचा हात आपोआप समास आखायला जाई. पुस्तिकेची बारा पानं होती, डाव्या कडेला दोन पिना, मुखपृष्ठावर राजवाड्यासमोरच्या पुलाचं चित्र. किती वाजून किती मिनिटांनी कुठे असायचं ते आत होतं. शौचालयाला सात मिनिटं होती. प्रत एकच, ती त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात; बाकीच्यांना त्या त्या दिवसाचं पान सकाळी वाचून दाखवलं जाई. पहिल्या पानावरचे नियम मात्र गाडीत बसल्या बसल्या सगळ्यांना ऐकवले होते. चौथा नियम, प्रत्येकाची एक इच्छा पुरवली जाईल. सहावा नियम, मतभेद झाल्यास बहुमत.

इच्छा त्यांनी पावसाळ्याआधीच लिहून घेतल्या होत्या. उमेयोवन्संना टॉवर पाहायचा होता. मुलगा मासातो याला नदीतून बोटीने जायचं होतं, म्हणजे चालावं लागत नाही. सून रित्सुको हिला गिन्झातली दुकानं हवी होती. आणि बायको किनुए हिच्या नावापुढे लिहिलं होतं, 'विशेष नाही.'

तसं तिनेच सांगितलं होतं. खरी इच्छा पुस्तिकेत मावण्यासारखी नव्हती. तिची धाकटी मुलगी चिहारु याच शहरात राहत होती, आणि अकरा वर्षांत किनुएने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. हेइसाकु न्हाव्याकडे गेले की ती मुलीला फोन करी. पण हेइसाकुंच्या डोक्यावर केसच थोडे राहिले होते, त्यामुळे वर्षातून चार-पाच वेळांपलीकडे ते जमत नसे. सहलीचं ठरलं तेव्हा तिने फोनवर सांगितलं, "तिकडे येतोय गं आम्ही. तीन दिवस. पण बाबांच्या पुस्तिकेत जागा नाही." पलीकडून चिहारु एवढंच म्हणाली, "बरं."

तरी निघताना किनुएने वाळूतल्या कांद्यांच्या लोणच्याची बरणी चार कापडांत गुंडाळून पिशवीत घातली. त्या कांद्याचा वास चार कापडांना जुमानत नाही. रात्रभराच्या गाडीत, राजवाड्यासमोर, देवळात, टॉवरवर, तीन दिवस तो मंडळींबरोबर हिंडत होता. कोणी काही विचारलं नव्हतं.

तर आता खानावळीच्या बैठ्या टेबलाभोवती पाचही जण बसले होते. मंगळवार होता. उमेयोवन्संनी वाटीतला नत्तो तळहाताने दूर सारला होता. सडके दाणे खायला मी टोकियोची नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशीच जाहीर केलं होतं. हेइसाकुंनी चष्मा लावला आणि नववं पान उघडलं.

"नऊ चाळीस, मिनामी-कुवाता स्टेशन. दहा पाच ते अकरा दहा, वॉर्डाचं सांडपाणी माहितीगृह. अकरा दहा ते तीन चाळीस, जेवण. नंतर सामान घेऊन परतीची गाडी."

"कसलं गृह?" उमेयोवन्संनी विचारलं.

"सांडपाणी. जमिनीखाली पंचवीस मीटर उतरता येतं. खरीखुरी वाहिनी बघायला मिळते. वाहती."

"म्हणजे गटार."

"गटार उघडं असतं. ही वाहिनी आहे."

"हेइ," उमेयोवन्सं म्हणाल्या; एकाहत्तर वर्षांच्या भावाला असं हाक मारणारं जगात आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. "सातशे किलोमीटर बसून आले मी. पायाला गोळे आले. आणि शेवटच्या दिवशी तू मला गटारात उतरवणार?"

"जिना आहे. कठडाही आहे."

"आणि जेवायला साडेचार तास? मी काय गाय आहे, रवंथ करायला?"

हेइसाकुंनी पान पुन्हा पाहिलं, जणू आकडा कोणा दुसऱ्याने लिहिला असावा. "तेवढे लागतात," ते म्हणाले.

किनुएच्या हातातल्या काड्या मघाशीच थांबल्या होत्या. मिनामी-कुवाता. ते नाव तिला पाठ होतं.

चार वर्षांपूर्वी एक छापील कार्ड आलं होतं. 'आम्ही नव्या जागी राहायला आलो आहोत. इकडे जवळपास येणं झालं तर आवर्जून डोकवावं.' खाली पत्ता होता, मिनामी-कुवाता, कुनिमात्सु लॉण्ड्री, वरचा मजला. घर बदललं की सगळेच अशी कार्डं पाठवतात आणि सगळ्यांवर हेच वाक्य छापलेलं असतं. ते वाचून आजवर कोणी कोणाच्या दारात जाऊन उभं राहिलेलं नाही. हेइसाकुंनी मात्र ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "जवळपास येणं झालं तर, असं लिहिलंय."

"मग जाऊ या ना," किनुए म्हणाली होती.

"येणं झालं तर. आपलं तिकडे कुठे येणं होतंय? मुद्दाम उठून या, असं म्हणायचं असतं तर तसं लिहिलं असतं."

ते थट्टा करत नव्हते. अडतीस वर्षं खिडकीमागे बसून त्यांनी एकच गोष्ट केली होती. लिहिलेलं वाचायचं, न लिहिलेलं वाचायचं नाही. कार्ड त्यांनी पूर्वजांच्या देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं आणि विषय संपला, असं किनुए चार वर्षं समजत होती.

संपला नव्हता. हा माणूस चार वर्षं मिनामी-कुवातात बघण्यासारखं काहीतरी शोधत होता, म्हणजे तिकडे येणं होईल. आणि बिचाऱ्याला एका गटाराखेरीज काही सापडलं नव्हतं. हे ध्यानात आलं तेव्हा किनुएने मिसो सूपची वाटी खाली ठेवली. नवऱ्यावर तिचं इतकं प्रेम गेल्या कित्येक वर्षांत आलं नव्हतं, आणि ते दाखवायची सोय नव्हती. कारण मला कळलंय, असं तिच्या तोंडावर जरी उमटलं तरी ते ठरवून जाणं झालं असतं, आणि ठरवून जायचं म्हणून कार्डावर लिहिलेलं नव्हतं. हेइसाकुंनी पट्टी घेतली असती आणि पानावर रेघ मारली असती.

रेघा मारायची त्यांना सवय होती. चिहारुने कुनिमात्सुशी लग्न करायचं म्हटलं तेव्हा त्याचं आधीचं एक लग्न मोडलेलं होतं. कुटुंबाच्या पानावरून माणूस कमी झालं की त्याच्या नावावर फुली मारतात, म्हणून लग्न मोडलेल्या माणसाला लोक 'एक फुली' म्हणतात. हेइसाकुंनी आयुष्यभर हा शब्द खिडकीत कोणापुढे उच्चारला नव्हता, मुलीपुढे उच्चारला. "एक फुलीच्या घरात माझी मुलगी जाणार नाही." चिहारु टोकियोला परत गेली आणि तिने तिथेच लग्नाची नोंद केली. लग्न झालं की मुलीचं नाव आई-बापाच्या पानावरून उतरतं, आणि तशी सूचना गावच्या कार्यालयात टपालाने येते. ती हेइसाकुंच्याच टेबलावर आली. निवृत्तीला चार महिने होते. रीतीप्रमाणे त्यांनी ती शेजारच्या टेबलावर द्यायला हवी होती, पण शेजारचा त्या दिवशी दातासाठी रजेवर होता. त्यांनी पट्टी लावली, मुलीच्या नावावर दोन रेघांची फुली मारली, शिक्का उमटवला, आणि संध्याकाळी जेवताना घरी सांगितलं, "चिहारुचं लग्न झालं. कागद बरोबर आहेत." भात मात्र त्यांनी तसाच ठेवला होता. घरात भात टाकलेला किनुएने तेवढा एकदाच पाहिला.

"सहावा नियम," उमेयोवन्सं म्हणत होत्या. "बहुमत. तूच लिहिलंस. आज ऊन आहे, आज टॉवर दिसेल. मी टॉवर म्हणते."

"आत्या, टॉवर काल झाला," मासातो म्हणाला. तो त्रेचाळीस वर्षांचा होता, शेतकऱ्यांच्या सोसायटीत कामाला होता आणि तीन दिवसांत त्याने मत म्हणून काही दिलं नव्हतं.

"काल धुकं झालं. टॉवर राहिलाय."

"मला शेजाऱ्यांसाठी मिठाईचे डबे घ्यायचेत," रित्सुको म्हणाली. "अठरा घरं आहेत, बाबा. रिकाम्या हातांनी गेलो तर वर्षभर ऐकावं लागेल. टॉवरच्या खाली दुकानं आहेत. मी आत्यांच्या बाजूने."

"मासातो?" हेइसाकुंनी विचारलं.

"मला काहीही चालेल."

"काहीही म्हणजे टॉवर," उमेयोवन्संनी त्याचा हात मनगटाला धरून वर केला. "तीन झाले. हेइ, तू एकटा."

हेइसाकु वाद घालतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी घातला नाही. त्यांनी नियमांचं पान उघडलं, सहावा नियम स्वतःशी वाचला, आणि चष्म्याच्या घरातून ती सहा इंची पट्टी काढली. पेन्सिल नवव्या पानावर टेकली. किनुएला ती पेन्सिल दिसली, आणि पेन्सिलमागे चार वर्षं दिसली.

"थांबा," ती म्हणाली. "माझी इच्छा राहिलीय."

"तुझी 'विशेष नाही' आहे," हेइसाकु म्हणाले. "तू सांगितलंस तसं लिहिलंय."

"तेव्हा नव्हती. आता झालीय."

"काय?"

"मला सांडपाणी बघायचंय."

मासातोने नत्तोची वाटी स्वतःकडे ओढून घेतली. खायचा नसताना तो खाऊ लागला.

"किनुए," उमेयोवन्सं हळूच म्हणाल्या, "अंगात कणकण वगैरे आहे का तुझ्या?"

"नाही वन्सं. चव्वेचाळीस वर्षं मी तुमच्या घरची भांडी घासतेय. ते पाणी मोरीतनं जातं, आणि पुढे कुठे जातं ते काही मला कोणी दाखवलं नाही. एकदा बघून घ्यावं म्हणते."

"आई, आपल्या मोरीचं पाणी टोकियोला येत नाही," मासातो म्हणाला.

"तेवढं कळतं मला. पाणी इथून तिथून सारखंच."

"मग गावातलं बघ ना! आपल्याकडेही आहे की गटार."

"आपल्याकडे पंचवीस मीटर खाली उतरता येतं का? कठडा आहे का?" किनुए म्हणाली. आयुष्यात कशासाठी ती एवढी भांडली नव्हती, ना दागिन्यासाठी, ना माहेरी जाण्यासाठी. कान गरम झालेले तिचे तिला कळत होते. "अहो, चौथा नियम सांगा त्यांना."

हेइसाकुंनी पट्टी बाजूला ठेवली. एखाद्या अर्जदाराने अनपेक्षितपणे सगळी कागदपत्रं पुढे करावीत तसे ते क्षणभर बायकोकडे पाहत राहिले.

"इच्छा चौथ्या नियमात आहे," ते म्हणाले. "बहुमत सहाव्यात. चौथा आधी येतो."

आणि 'विशेष नाही' खोडून त्यांनी त्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सांडपाणी.' मान वर केली नाही, पण त्यांचेही कान लाल झाले होते. किनुएने ते पाहिलं आणि भाताची वाटी तोंडापुढे धरली.

गाडीत रित्सुको मुद्दाम सासूच्या शेजारी येऊन बसली. हेइसाकु दाराशी उभे राहून स्टेशनं मोजत होते. उमेयोवन्सं मासातोच्या खांद्यावर डोकं टाकून, डोळे मिटून, त्याच्यावर रुसल्या होत्या.

"आई," रित्सुको म्हणाली, "नव्या वर्षाची कार्डं दर डिसेंबरात मीच लिहिते ना."

"हो."

"पत्तेही मीच घालते. मिनामी-कुवाता, तीन, सतरा..."

"हळू बोल."

रित्सुको समोरच्या जाहिरातीकडे बघत राहिली. "बाबांनी शोधून काढलं का हे?"

"त्यांनी काही शोधलेलं नाही. मला सांडपाणी बघायचंय."

"बरं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "मघाशी हात वर करायला नको होता मी. हात वर केला आणि मग लक्षात आलं."

"मासातोला सांगू नकोस. त्याच्या तोंडावर लगेच दिसतं."

"यांना सांगून काय होणार? ते म्हणतील काहीही चालेल." रित्सुकोने किनुएच्या मांडीवरची पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. "जड आहे. मी धरते."

सोळा वर्षांत सुनेने तिची पिशवी धरायची ही पहिली वेळ. किनुएने ती धरू दिली.

मिनामी-कुवाता स्टेशनाबाहेर एक औषधांचं दुकान, एक सायकलींचा तळ आणि एक बंद असलेलं भाजीचं दुकान होतं. बाकी घरंच घरं, आणि वाळत घातलेल्या चादरी. पर्यटक म्हणावा असा एकही माणूस नव्हता. हेइसाकु पुढे, बाकीचे ओळीने मागे, अशी वरात बारा मिनिटं चालली. उमेयोवन्सं किनुएच्या बरोबरीने आल्या, पिशवीच्या दिशेने एकदा नाक ओढलं आणि सरळ समोर बघत म्हणाल्या, "ही बरणी काय गटारात ओतायला आणलीस?"

"कसली बरणी?"

"तीन दिवस तिच्या शेजारी झोपतेय मी, किनुए. मला म्हातारपण आलंय, सर्दी नाही झालेली." काही पावलं त्या नुसत्या चालल्या. "ताकाला जायचं तर भांडं कशाला लपवायचं, एवढंच म्हणते मी. पण हेइला सांगून उपयोग नाही. लहानपणी भूक लागली तरी म्हणायचा, 'आज घरात काय शिजलंय ते सहज बघायला आलो.'"

"वन्सं, मग सकाळी टॉवरचा हट्ट कशाला धरलात?"

"गावाचं नाव मला कुठे माहीत होतं? तू सांडपाण्यासाठी भांडायला लागलीस तेव्हा म्हटलं, हिचं डोकं तरी फिरलंय किंवा इथे कुठेतरी पोर आहे."

सांडपाणी माहितीगृह करड्या रंगाचं, दुमजली, नीटनेटकं होतं. फाटक लावलेलं होतं. फाटकाला पाटी होती, 'सोमवारी बंद. सोमवारी सुट्टी आल्यास त्याऐवजी मंगळवारी बंद.' काल सोमवार होता, आणि काल वृद्धसन्मान दिनाची सुट्टी होती. त्या सुट्टीला जोडूनच तर हेइसाकुंनी थोरल्या बहिणीसाठी ही सहल आखली होती. सोमवार टाळायचा हे त्यांच्या ध्यानात होतं. सुट्टीचा सोमवार मंगळवारावर जाऊन बसतो, हे राहून गेलं.

त्यांनी पाटी दोनदा वाचली. मग पुस्तिका काढून वाचली. दोन्हींत काही मेळ बसेना.

"बंद आहे," ते म्हणाले.

"दिसतंय," उमेयोवन्सं म्हणाल्या.

"म्हणजे इकडे काही काम उरलं नाही." त्यांनी पुस्तिका मिटली. आवाज नेहमीचाच होता, पण पुस्तिका खिशात जाईना. दोनदा ती खिशाच्या बाहेरून घसरली. "परत फिरू. दहा एकतीसची गाडी मिळेल. टॉवरला जाता येईल. ताईला टॉवर हवा होता."

आणि ते खरोखरच वळले. मासातोही वळला. किनुएला रडू आलं नाही, राग आला. अकरा वर्षांचा, एकदम, पायांपासून.

"अहो, उभे राहा तिथेच."

हेइसाकु थांबले. चव्वेचाळीस वर्षांत या आवाजाशी त्यांची गाठ पडली नव्हती.

"आपण आत्ता कुठे आहोत?"

"मिनामी-कुवातात."

"चार नंबरच्या वाडीत की तीन?"

"तीनमध्ये. पाटी आहे त्या खांबावर."

"मग जवळपास येणं झालं की नाही?"

मासातोने बायकोकडे पाहिलं. रित्सुकोने त्याला गप्प राहा म्हणून खूण केली, जी अनावश्यक होती.

"'इकडे जवळपास येणं झालं तर आवर्जून डोकवावं,'" किनुए म्हणाली. "मला पाठ आहे. तुम्हालाही आहे. त्यात माहितीगृह उघडं असावं, असं कुठे लिहिलंय?"

हेइसाकुंनी मान खाली घातली. वाक्य ते मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासत होते, हे तिला दिसत होतं. खिडकीत अर्ज तपासताना त्यांचा खालचा ओठ असाच आत जाई. वेळ लागला. फाटकाच्या आत कुठेतरी, खोल, पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "तसं लिहिलेलं नाही."

मग ते वळले आणि चालू लागले. पहिलं वळण उजवीकडे, मग दगडी कुंपणापाशी डावीकडे, मग एका बुटक्या देवळामागून. नकाशा त्यांनी एकदाही काढला नाही. आधी कधी न आलेल्या गल्लीत ते रोजच्या रस्त्यासारखे चालत होते, आणि किनुए मागून, जवळजवळ धावत.

कुनिमात्सु लॉण्ड्रीचं दार सरकतं, काचेचं होतं. आत वाफेचा आणि कांजीचा वास होता. काउंटरमागे चष्मा लावलेली एक बाई शर्टांच्या कॉलरना चिठ्ठ्या टाचत होती. "यावं, यावं," ती दुकानदाराच्या सवयीने मान खाली घालूनच म्हणाली. केसांत पांढरं दिसत होतं. आपल्या मुलीचे केस पांढरे होताना आपण पाहिले नाहीत, एवढं एकच किनुएच्या मनात आलं, आणि ते मनात मावेना.

चिहारुने मान वर केली. हातातली चिठ्ठी तशीच राहिली.

हेइसाकु दारातच ताठ उभे होते. मग कमरेत वाकून त्यांनी नमस्कार केला, परक्या माणसाला करावा तसा, पुरा.

"जवळपास येणं झालं होतं," ते म्हणाले.

"इकडे?" चिहारु म्हणाली. "इकडे काय आहे?"

"सांडपाणी माहितीगृह."

"ते आज बंद असतं, बाबा. काल सुट्टी होती ना."

"हो." ते थांबले. "माझी चूक झाली."

दुकानात फक्त मागच्या यंत्राची घरघर होती. हेइसाकुंच्या तोंडून हे तीन शब्द किनुएने आजवर ऐकले नव्हते. सुट्टीच्या हिशोबाबद्दल ते बोलत आहेत असं समजायला जागा होती, आणि त्या जागेचा फायदा कोणी घेतला नाही.

"होतं असं," चिहारु म्हणाली. तिचा आवाज चिरकला, म्हणून तिने तेच पुन्हा म्हटलं. "होतं असं कधी कधी. माझीही झाली."

आतल्या वाफेतून एक रुंद, लालबुंद माणूस टॉवेलने मान पुसत बाहेर आला, समोरची रांग पाहून जागच्या जागी थिजला, आणि मग इतका खाली वाकला की कपाळ काउंटरला लागलं.

"कुनिमात्सु," तो तशाच वाकल्या अवस्थेत म्हणाला.

"इगावा," हेइसाकु म्हणाले आणि पुन्हा वाकले. वर यायला दोघांनीही वेळ घेतला. आधी कोणी यायचं ते ठरेना. शेवटी हेइसाकु म्हणाले, "तुमचे कागद तेव्हाच पाहिले होते. सगळे बरोबर होते."

"आभारी आहे," कुनिमात्सु म्हणाला. त्याला याहून चांगलं काही सुचलं नाही, आणि याहून चांगलं काही नव्हतंही. मग त्याला बोलल्याशिवाय राहवेना. "खरं तर मंगळवारी आमचंही बंद असतं. पण ही तीन दिवस काउंटर सोडायला तयार नाही. काल सुट्टीलासुद्धा उघडं ठेवलं. म्हणाली, चुकून कोणी आलं तर."

"तुम्ही यंत्र बंद करा जाऊन," चिहारु म्हणाली.

उमेयोवन्सं एव्हाना गिऱ्हाइकांच्या बाकावर बसल्या होत्या. "पोरी, इथून टॉवर दिसतो का गं?"

"नाही दिसत, आत्या."

"मग ठीक आहे. तिथूनही दिसला नव्हता."

रित्सुकोने पिशवी काउंटरवर ठेवली आणि किनुएकडे सरकवली. किनुए कापडं सोडू लागली. चार गाठी होत्या, प्रवासात घट्ट बसलेल्या. चिहारुने पलीकडून हात पुढे केला आणि दोघींनी मिळून त्या सोडल्या, एकीकडून एक, दुसरीकडून एक. शेवटच्या कापडाखालून वास आला तसा मुलीने डोळे मिटून घेतले.

"वाळूतले?"

"जूनमधले. अजून करकरीत आहेत."

"किती वेळ आहे तुमच्याकडे?" चिहारुने विचारलं. विचारलं आईला, पण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून, घाबरत.

पुस्तिका हेइसाकुंनी काढली. नववं पान उघडून काउंटरवर, तिला सरळ दिसेल असं फिरवून ठेवलं. 'अकरा दहा ते तीन चाळीस, जेवण.' त्यांनी घड्याळ पाहिलं, खिशातून खोडरबर काढलं, अकरा दहा खोडलं, रबराचा चुरा तळहातात गोळा केला आणि तिथे दहा त्रेचाळीस लिहिलं.

चिहारुने पान वाचलं. शाळेत पाढे म्हणताना पुटपुटायची तशी मनात वजाबाकी केली. "पाच तास? जेवायला?"

"तीन मिनिटं कमी."

"एवढा वेळ काय जेवणार होतात तुम्ही?"

"ते लिहिलेलं नाही," हेइसाकु म्हणाले.

चिहारु काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर आली आणि दारापाशी जाऊन तिने पाटी उलटी केली; रस्त्याच्या बाजूला आता 'आज बंद' आलं. पाटी उलटायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. कोणी घाई केली नाही. वेळ होता.